सासूबाईंचं स्वीटहार्ट

आमच्या सासूबाई इंग्रजी शब्द वांग्यासारखा घ्यायच्या. उलटा करून, दाबून, कीड नाही ना ते बघून. वलगावचा भाजीचा मळा त्यांचा. मी शहरातली, राजापेठेतली, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली सून. ‘मला-तुला’ असं पुस्तकी बोलायचे आणि स्वतःला फार शहाणी समजायचे.

एकदा मी मुलाला म्हटलं, “कविता बाय हार्ट कर.”

“म्हंजे वो?” सासूबाईंनी विचारलं.

“पाठ करणं.”

“आन् हार्ट म्हंजे तं काळीज म्हनली होतीस! इंग्रजाचं काळीज पाठीत रायते काय?”



पुढं त्यांना शुगर निघाली, मग छातीत दुखायला लागलं. अकोल्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. तरुण डॉक्टरनं विचारलं, “काय त्रास आहे, आजी?”

“मले स्वीटहार्ट हाये.”

मी लाजून एक खुर्ची पलीकडे सरकले. डॉक्टर हसू दाबत म्हणाला, “कोण म्हणालं?”

“कोन कायले म्हनते? शुगर बी हाये, हार्ट बी खराब हाये. जोडून काय झालं मंग? हे आमची सून, बी.ए. हाये. इचारा तिले!”

तपासण्या झाल्या. ओपन हार्ट करावं लागेल, लांबवलं तर जिवाला धोका, असं डॉक्टर म्हणाला. सासूबाई सही करेनात. मी शुद्ध मराठीत समजावत होते, “मामी, अगदी साधं ऑपरेशन असतं. काळजीचं काहीच कारण नाही.” आमच्याकडे सासूला मामीच म्हणतात.

त्यांनी माझा हात धरला. माझाच हात गार पडला होता.

“डाक्टर माह्यं काळीज ओपन करीन. तू तुह्यं कधी करतं वो? तुले भेव वाटून राह्यलं का नाई, थे सांग.”

“वाटून राह्यलं, मामी,” माझ्या तोंडून निघालं. “लय भेव वाटून राह्यलं.”

लग्नानंतर बारा वर्षांनी मी पहिल्यांदा त्यांच्या बोलीत बोलले होते.

“असं सांग ना मंग! मले वाटलं, मी एकटीच भेकड हावो. आन थो सहीचा कागद.”

ऑपरेशन पार पडलं. त्यानंतर नऊ वर्षं आम्ही दोघी रोज भांडलो, अस्सल वऱ्हाडीत, आणि बहुतेक वेळा त्याच जिंकल्या.

त्या गेल्या तेव्हा शेजारीण म्हणाली, “सुटली वो बाई तू. किती भांडे तुही सासू!”

“हो ना वो,” मी म्हटलं. “आता सांग, मी कोनासंग भांडू?”