मंदाची उडी

बबन गेल्याची बातमी मला सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली. आधी कोणाचं तरी फुलांचं गुड मॉर्निंग, मग पार्किंगची तक्रार, आणि मध्येच 'बबनराव यांचे दुःखद निधन'. पाठोपाठ जोडलेल्या हातांची रांग. त्यातल्या निम्म्यांना बबन कोण हे ठाऊक नव्हतं. उरलेल्या निम्म्यांना तो 'शेळीवाला' एवढाच ठाऊक होता.

लालबागच्या आमच्या चाळीत, जिन्याखालच्या कोपऱ्यात, बबनने मंदा नावाची शेळी पाळली होती. दर घराच्या कडीला रात्रीची उरलेली भाकरी नि दुधीची सालं पिशवीत अडकवलेली असायची. बबन सकाळी ती गोळा करायचा आणि जर्मनच्या थाळीवर दोनदा टकटक करायचा. मंदा बाहेर यायची ती चारी पाय उचलून तिरकी उडी मारतच. रोज.

"बघ रे, काल पण हीच सालं, आज पण हीच," बबन म्हणायचा. "तरी हिला बघ. तुझ्या तोंडावर स्वतःच्या लग्नात पण एवढी खुशी नव्हती."

"भूक लागलीय तिला. त्यात खुशी कसली?"

"भूक तुला पण लागते ना? मग मार की उडी."

मला तो ठार खुळा वाटायचा. शेळीकडून शहाणपण शिकणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार?

पुढे टॉवर झाला. चाळीतली माणसं वरच्या मजल्यांवर गेली आणि त्यांची नाकं त्याहून वर. ज्यांच्या कडीला पिशव्या असायच्या, त्यांनाच आता शेळीचा वास यायला लागला. आवारात जनावर नको, असा कागद फिरला. बबनने भांडण केलं नाही. शिवडीला ओळखीच्या एका गोदामाच्या वॉचमनकडे त्याने मंदाला ठेवलं आणि रोज सकाळी थाळी घेऊन बसने तिकडे जायला लागला.

तो गेल्यावर तीन आठवड्यांनी क्लब हाऊसमध्ये शोकसभा झाली, एसी लावून. चेअरमन गहिवरून म्हणाले, "बबनरावांनी आपल्याला मुक्या जनावरांकडून आनंद आणि कृतज्ञता शिकवली." मग पडद्यावर कुठल्यातरी परदेशातल्या गाई कुरणात बागडताना दाखवल्या. लोकांनी डोळे पुसले आणि सामोसे खाल्ले. तो कागद दारोदार फिरवला होता ह्याच गृहस्थांनी! मला तिथल्या तिथे थुंकावंसं वाटलं...

पण थुंकणार कोणाच्या तोंडावर? कागदावरची पहिली सही माझी होती. लॉबीतल्या संगमरवरावर लेंड्या नकोत म्हणून, पूर्ण वाचून, चष्मा लावून केलेली. बबनला ते माहीत होतं. "सही अजून झकास करतोस रे," एवढंच तो एकदा म्हणाला होता. मी हसण्यावारी नेलं. माझ्याइतका कोडगा माणूस त्या सभेत दुसरा नव्हता.

त्याच्या सुनेने भंगारात काढलेली थाळी मी मागून घेतली आणि घरातली सालं घेऊन शिवडीला गेलो. गोदामाच्या दाराशी टकटक केली. मंदा धावत आली, थांबली. माझ्या मागे बराच वेळ बघत राहिली. मग मुकाट्याने खाल्लं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी मी थाळी वाजवली आणि म्हाताऱ्या पायांनी जमेल तेवढी, अर्धीच, पण तिरकी उडी मारत मंदा आली. माझ्यासाठी.

थाळी धरून मी उभा होतो. मान वर करायची हिंमत झाली नाही.