करवत्याचा केप

हेमराज माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. नागपूरच्या तांडापेठेत, विणकरायच्या वस्तीत, आमची घरं बाजूबाजूले. तो धंतोलीतल्या एका दवाखान्यात स्ट्रेचर ढकलते, अन् बाकीच्या टाइमात सुपरहिरो असते. हसू नका. मी हसलो होतो एकदा. त्यानंतर दुसरा कोणी हसला तं मीच त्याची कॉलर धरली.

त्याचा हिरो त्यानं सोताच काढला. नाव करवत्या. दुसऱ्या ग्रहावरून येते. अंगात रेक्झिनचं चिलखत, डोक्यावर जुनं हेल्मेट कापून केलेला टोप, अन् मागं लांब लाल केप. केपले लुगड्याचा असते तसा करवती काठ, दात्या-दात्यायचा. हेमराज म्हणे, "बाकीच्यायचे हिरो उडते. आपला कापते."

यंदा नागपुरात फॅन लोकायचा मेळा भरला. सायन्स फिक्शनवाले, सुपरहिरोवाले, रोबोट बनून आलेले, सगळे एका हॉलात. तिथं ड्रेसची स्पर्धा होती. पहिल्या नंबराले पुण्याच्या एका स्टुडिओत सिनेमाचे ड्रेस बनवायचं काम. हेमराजले तेच पाहिजे होतं. सहा वर्षं पेशंट उचलून उचलून तो कंटाळला होता.

स्टेजच्या बाजूले टेबल टाकून परीक्षक श्वेता मॅडम एकेकाचा ड्रेस तपासून राहिल्या होत्या. त्यायनं केप उलटा केला, काठावरून बोट फिरवलं.

"हे प्रिंट नाही? विणलंय?"

"हाव मॅडम. हातमागावर."

"तूच विणलंस?"

"आम्ही विणलं."

"आम्ही म्हणजे कोण?"

हेमराज सांगत बसला. उभ्या धाग्यायचा ताणा बाबानं, म्हणजे बबनरावनं लावला. सुताच्या कांड्या आईनं, तुळजाबाईनं भरल्या. काठाले आडवा धागा फेकाचे तीन धोटे लागते, ते एकट्याच्यानं होत नाही, तं एका बाजूले बाबा बसला, दुसऱ्या बाजूले हा.

मॅडमनं पेन खाली ठेवला. "अरे, ड्रेस एकट्यानं बनवलेला हवा, असा नियम आहे. फॉर्मवर 'मी बनवला' असं लिही आणि सही कर. मी काही तुझ्या घरी विचारायला येणार नाही."

मी त्याले मागून ढोसलं. "लिही ना बे!"

"थांब गा."

"काहून थांबू? तीन महिने मागावर बसला ना तू?"

"बसलो ना. पण आपल्यात कोणी 'मी विणलं' म्हणते काय? बाबा चाळीस वर्षं विणून राहिला, तो नाही म्हणत."

"बाबा इथं आहे काय पाहाले?"

त्यानं खांद्यावरच्या पिना काढल्या, केपची घडी केली अन् माझ्या हातात दिली. "आता अंगावर जे आहे ते एकट्याचं, मॅडम. लिहा."

"मार्क कमी पडतील हं."

"पडू द्या."

केप नाही म्हटल्यावर पाठीमागचे नाडे, वेल्क्रो, सगळं उघडं पडलं. तो स्टेजवर गेला तसा समोरून एक पोट्टा ओरडला, "अबे, विकेटकीपर आला पाह!" लोक हसले. मी त्या पोट्ट्याजवळ गेलो. पुढचं सांगत नाही. हेमराजनं घरी प्रॅक्टिस केली होती तसे दोन्ही हात वर केले, अन् खाली उतरला.

पहिला नंबर रितिका नावाच्या पोरीचा आला. फोमशीटचा रोबोट, डोळे पेटणारे. पुण्याचं काम तिले.

"इच्या बापानं करून देला असन सगळा," मी म्हणलं.

हेमराज सरळ तिच्याकडं गेला. विचारून ड्रेसचे जोड पाहिले, आतून गोंद पाहिला. मंग तिच्या बोटांवरचे डाग दाखवून म्हणे, "ग्लूगननं भाजलं?"

"हो दादा. रोजच भाजायचं."

बाहेर आल्यावर मले म्हणे, "पोरीनं एकटीनंच केलं गा."

गाडी काढली. मागं बसून त्यानं केप मांडीवर घेतला. दुसऱ्या दिवशी त्याची दवाखान्यात सकाळची ड्युटी होती.