भस्मकाचा आवाज

आमच्या बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करणाऱ्याला सगळे भोंगा म्हणत. तोंडावरच म्हणत, आणि त्यालाही त्याचं काही वाटत नसे. आवाजच तसा होता. लाउडस्पीकर बिघडला की तो केबिनच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडायचा, आणि शेवटच्या फलाटावर डुलक्या घेणारा माणूस पिशवी उचलून ताडकन उभा राहायचा. पुष्कळदा ती त्याची गाडी नसायचीच! मी तिथंच कंडक्टर होतो. शिवाय आम्ही दोघं एकाच खेड्यातल्या शाळेतले. गुरुजींना बाहेर काम निघालं की ते भोंग्याला पाढे म्हणायला उभा करत; दोन वर्गांना तो एकटा पुरायचा.

या आवाजानं त्याला एकदा सिनेमात नेलं. त्याचं असं झालं, की गाडी का आली नाही म्हणून भांडायला एक गृहस्थ केबिनमध्ये शिरले. ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत कामाला होते. भांडण अर्ध्यावर सोडून ते भोंग्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "गाडी राहू दे. तुमचा आवाज द्या मला."

'दूरचे सूर्य' नावाचा एक परदेशी सिनेमा होता. एक कसला, माळच होती ती. एक भाग संपला की दुसरा यायचा. अंतराळातली यानं, लढाया, हरवलेले भाऊ. त्यातला एक भाग आपल्या भाषेत आणायचं चाललं होतं. त्यातला खलनायक भस्मक. त्याला चेहराच नाही. मानेवर काचेची घागर आणि तिच्यात काळा धूर. त्याच्या देशात म्हणे पोरं त्याच्या भीतीनं आईचा पदर सोडत नसत. (तिकडे पदर नसतो, हे मला नातीनं सांगितलं. असो.)

भोंग्यानं महिनाभर तालीम केली. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात भस्मक व्हायचा. कधीकधी परत भोंगा व्हायला विसरायचा. "लांब पल्ल्याची गाडी... सुटत आहे," असं एकदा त्यानं त्या आवाजात सांगितलं, तर एक म्हातारी गाडीतून उतरूनच गेली. म्हणाली, "उद्या जाते बाई, आज लक्षण बरं दिसत नाही."

स्टुडिओत सगळं झ्याक झालं. एकाच ठिकाणी अडलं. शत्रूंना घेरल्यावर भस्मक म्हणतो, "तुमच्या ग्रहाभोवती आता माझीच यानं फिरत आहेत." पण वाक्य संपायच्या आत पडद्यावरचा भस्मक वळून चालायला लागायचा. पुनःपुन्हा तेच. "लहान करा हो, लहान करा," असा घोशा लागला. भोंग्यानं घाम पुसला, छाती भरून घेतली आणि गरजला:

"तुमचे ग्रह फिरलेत!"

बरोबर बसलं! खोलीतल्या सगळ्यांचे डोळे घड्याळावर. कान कुणाचेच नव्हते.

पहिल्या खेळाला तो बायकोला, मेहुण्याला आणि मला घेऊन गेला. थिएटर खच्चून भरलेलं. भस्मक पडद्यावर आला, धूर घुमला, आणि लोक असे गप्प झाले की शेजाऱ्याचा श्वास ऐकू यावा. भोंग्यानं माझं मनगट घट्ट धरलं होतं. आणि मग ते वाक्य आलं.

पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अरे बाबा, माझे तर लग्नापासूनच फिरलेत!"

काय सांगू तुम्हांला! थिएटर फुटायचंच राहिलं. त्यानंतर भस्मकानं जग जाळलं, माणसं चिरडली, काही उपयोग नाही. तो दिसला की लोक पोट धरत. माझ्या मनगटावरचा हात कधी सुटला, कळलं नाही. मध्यंतराला पाहिलं तर शेजारची खुर्ची रिकामी.

नावं पडद्यावर आली नव्हती, ते एक बरं. आवाजही यंत्रातून काढलेला; सख्ख्या आईनं ओळखला नसता. स्टुडिओतून परत बोलावणं आलं, तर भोंगा म्हणाला, घसा गेलाय. आम्हां तिघांनाही त्यानं शपथ घातली, हे कुणाला सांगायचं नाही. त्यानंतर त्यानं घोषणासुद्धा कशा केल्या, तर हळू. लोक केबिनपाशी येऊन विचारायचे, "काय म्हणालात?"

भोंग्याची मुलगी मोठी झाली, आणि नशिबाची गंमत बघा, ती 'दूरचे सूर्य'ची भक्त निघाली. सगळे भाग तोंडपाठ. वाचनालयाच्या वरच्या खोलीत तिनं आपल्यासारख्या वेड्यांचं एक मंडळ काढलं. एका रविवारी तिनं वादविवाद ठेवला: ही चित्रमाला तिच्या देशाबाहेर का चालत नाही, आणि लक्षात राहणारा खलनायक कोणता. "बाबा, तुम्ही याच. काका, तुम्हीसुद्धा." भोंगा निवृत्त झालेला, कोणती ड्युटी सांगणार? आला बिचारा. मागच्या रांगेत माझ्याशेजारी बसला.

वाद मोठा रंगला. चष्म्याच्या दुकानाचा मालक उठून म्हणाला, "तिकडे आजोबानं पाहिला, मग बापानं, मग नातवानं. आपल्याकडे तिसरा भाग आधी आला आणि पहिला नंतर. कोण कुणाचा भाऊ, लोकांना कळणार कधी?"

बेकरीवाल्या बाई म्हणाल्या, "अहो, एवढे भाग झाले, एकाही नायकाला आई नाही! आपल्या लोकांनी रडायचं कुणाच्या गळ्यात पडून?"

"यानाच्या!" कुणीतरी म्हणालं. मीही खो खो हसलो. भोंगा हसला नाही.

मग मुलगी उभी राहिली. माईक हातात, डोळ्यांत चमक. "माझं म्हणणं ऐका. जिथं खलनायक घाबरवतो, तिथं सिनेमा चालतो. भस्मकासारखा खलनायक जगात झाला नाही. आणि आपण त्याचं काय केलं? आपल्याकडे कुणा गाढवानं त्याच्या तोंडी घातलं..."

"तुमचे ग्रह फिरलेत!" सगळी खोली एका सुरात ओरडली. मुलगी हसताना इतकी वाकली की माईक खाली गेला. मी शेजारी बघितलंच नाही. बघवलंच नसतं.

"त्या माणसानं मूळ वाक्य वाचलंसुद्धा नसणार!" ती डोळे पुसत म्हणाली. "आला, बरळला आणि गेला."

"वाचलं होतं."

माझ्या शेजारून आलं. सगळे वळले.

"काय वाचलं होतं, काका?" चष्मेवाल्यानं विचारलं.

भोंगा उठला. मान खाली. "वाक्य. रोज वाचत होतो. लांब होतं. तो वळून जायचा तोवर." एवढं म्हणून तो खाली बसायला लागला, पण बसायचं कसं हेच जणू विसरला, तसाच अर्धवट उभा राहिला.

मुलीच्या चेहऱ्यावरचं हसू उतरायला वेळ लागला. आधी डोळ्यांतून गेलं, मग ओठांवरून.

चष्मेवाला मात्र उडालाच. "म्हणजे तुम्ही? अहो काका! एकदा म्हणा ना! अरे, फोन काढा, फोन!"

"म्हणा! म्हणा!" खोली टाळ्या वाजवायला लागली. त्यांना खरंच आनंद झाला होता हो, त्यात खोट नव्हती. पण कोंडीत सापडलेल्या माणसाला टाळ्या कशा ऐकू येतात, ते त्याचं त्यालाच माहीत.

"नाही म्हणणार ते," मुलगी माईकवरून म्हणाली. "आणि मघाशी मी जो शब्द वापरला, गाढव हा, तो मी मागे..."

"अगं, माईक बंद कर," भोंगा म्हणाला. "ज्यांनी ऐकला नव्हता त्यांनाही आता कळला."

यावरही लोक हसले. तीही बिचारी काय करणार? माईक टेबलावर ठेवून आमच्याबरोबर जिना उतरली. मागे खोलीत कुणीतरी मतदान घेत होतं; भस्मकाच्या नावानं हात वर होत असणार.

आम्ही रस्त्याला लागलो. मी बोलायला तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मिटलं.

"मला सांगितलं का नाहीत?" मुलीनं विचारलं.

"काय सांगायचं? जे तुला जिवापाड आवडतं, ते मीच बिघडवलं म्हणून?"

"रागावलात?"

"राग कसला? मघाशी तू हसत होतीस ना, तशी हसताना मी तुला कधी बघितलं नव्हतं. इतकी गोड. आणि मला वाटलं, ही थांबली तर बरं. स्वतःच्या पोरीचं हसू नकोसं झालं मला. त्याची लाज वाटते, दुसरं काही नाही."

तिनं त्याचा हात धरायला आपला हात पुढे केला, पण धरला नाही. नुसती त्याच्या पावलाशी पाऊल मिळवून चालत राहिली. दोघांच्याही माना खाली. मी मुद्दाम मागे राहिलो आणि चपलेचा अंगठा नीट करत बसलो, जरी त्याला काहीच झालं नव्हतं.