सरळ संडास लिही

पत्रकात मी ‘प्रसाधनगृह’ लिहिलं आणि तिथेच माती खाल्ली.

गांधीबागेतल्या ठोक कापडबाजारात दिवसभर साड्यांच्या घड्या घालणाऱ्या बायकांसाठी एकही संडास नाही. पुरुष गल्लीच्या टोकाला भिंत शोधतात. बायका पाणीच पीत नाहीत. मे महिन्यात, नागपुरात! तो बांधावा म्हणून आमची संघटना तीन उन्हाळे पत्रकं वाटतेय. यंदाचं मी लिहिलं होतं. एका मावशीने ते वाचलं आणि शेजारणीला म्हणाली, "पार्लर मांगून राहिले वं हे आपल्यासाठी. लिपस्टिक लावून घड्या घालाच्या आता."

सगळ्या हसल्या. मला राग आला. आधी त्यांचा, मग माझा.

पालिकेच्या खिडकीवरच्या बाबूने सांगून ठेवलं होतं, संघटनेचा अर्ज चालणार नाही, तिथे काम करणाऱ्या बाईच्या सहीचा हवा. सही केली की नाव शेटच्या कानावर जाणार. म्हणून तीन उन्हाळ्यांत एकही सही मिळाली नव्हती. त्या दुपारी मी मावशीपुढे कागद धरला, तर तिनेच विचारलं, "तू काहून फिरून राहिली उन्हाची? तुले काय भेटते?"

मी समता, सन्मान, हक्क असं सुरू केलं.

"हे तं कागदावर वाचलं मी. तुहं सांग."

मग खरं सांगितलं. पहिल्या वर्षी इथे पत्रकं वाटताना मला जोराची लागली होती. गाडी काढून रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात गेले, पेशंटची नातेवाईक आहे असं खोटं बोलले, आणि सुटले. परत येताना डोकं नुसतं तापलं होतं.

"तुले गाडी होती," ती म्हणाली. एवढंच. आणि सही केली. "पण सरळ संडास लिही."

लिहिलं. पालिकेत अर्ज दिला, तर बाबूने त्या शब्दाभोवती पेनाने गोल काढला. "अर्जात अशी भाषा नाही चालत, मॅडम. प्रसाधनगृह लिहा, नव्याने सही आणा."

एरवी मी भांडले असते. त्या दिवशी त्राणच नव्हतं. मावशीला कागद परत द्यायचा, माफी मागायची आणि हे सगळं सोडायचं, असं ठरवूनच मी बाजारात गेले.

तिने तो गोल पाहिला. "त्याच्या घरचे काय पार्लरमंधी जातेत?" हातातली साडी बाजूला ठेवली. "उद्या सुटी टाकून येतो मी. मीच सांगीन त्याले तोंडावर."

"शेटने विचारलं तर?"

"सांगीन, संडास मांगाले चालली."

या कामाची प्रेरणा काय, असं लोक विचारतात. पत्रकात मी अजूनही समता लिहिते, आणि ते खोटं नाही. पण बाबूने अर्ज परत केला त्या दिवशी माझ्याकडे तसलं काही शिल्लक नव्हतं. तिने सुटी टाकली होती, म्हणून मला जावं लागलं. दहाला येते म्हणाली होती. मी पावणेदहालाच खिडकीपाशी उभी होते.