लोडशेडिंगचा निर्माता

अख्ख्या भिवंडीत लाईट गेल्यावर खूश होणारा माणूस एकच होता, आणि तो नेमका आमच्या आत्याचा नवरा निघाला. दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत लोडशेडिंगने गाव मेटाकुटीला आलं होतं. कापडाचे लूम बंद पडले की आमचा सारा नारपोली भाग सरकारच्या नावाने बोटं मोडायचा. आतोबा मात्र अर्धवट जेवणावरून उठून ओरडायचे, "चला, कॅमेरा लावा! शांतता आलीय!" कारण आतोबा चित्रपट-निर्माते होते. तेही नाचगाण्यांच्या चित्रपटांचे नव्हेत. बाई खिडकीशी येऊन बसते आणि बराच वेळ नुसती बसूनच राहते, असले सिनेमे ते काढायचे.

याला कारण एक फ्रेंच सिनेमा. तरुणपणी कोणा मित्राने त्यांना मुंबईच्या एका फिल्म सोसायटीत नेलं. सिनेमा काडीचाही कळला नाही, पण त्यातल्या शांततेने आतोबा ढसाढसा रडले. जन्म सगळा लूमच्या खडखडाटात गेलेला; जग असं गप्पही राहू शकतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मग जवळच्या अंजूर गावातली त्यांची शेतं एकेक करून गोदामवाल्यांकडे गेली आणि त्यांचे सिनेमे झाले. त्यातला एक फ्रान्समधल्या कुठल्याशा लहान महोत्सवात लागला. तिथे कोणी विचारलं, कारखान्यांच्या गावात एवढी शांतता मिळवता कशी? आतोबा म्हणाले, "सरकारची कृपा!" दुभाष्याने काय सांगितलं देव जाणे, टाळ्या मात्र पडल्या. मी त्यांचा बिनपगारी मॅनेजर. या माणसाला नाही म्हणण्यापेक्षा बॅगा उचलणं कमी दमवणारं होतं. आत्या युनिटसाठी भाकऱ्या थापायची. ती तर काहीच म्हणायची नाही.

आणि एके वर्षी वीज सुधारली. गल्लीत पेढे वाटले. आतोबा पेढा हातात धरून सुतकी चेहऱ्याने बसले होते. चालू सिनेमाचा शेवटचा सीन राहिला होता: खिडकीतली बाई आणि दहा मिनिटं शांतता. विकायला शेत उरलं नव्हतं, म्हणजे हा त्यांचा शेवटचाच सिनेमा, आणि तो पुरा व्हावा एवढीच त्यांची इच्छा होती. दुसरीकडे कुठे शूट करा म्हटलं तर म्हणाले, "खिडकी नारपोलीची, तर शांतता पन नारपोलीचीच पायजे." झालं! मी आणि ते कारखान्या-कारखान्यांतून फिरू लागलो, दहा मिनिटं लूम थांबवा म्हणून.

"चाचा, गाना कौनसा है?" एका कारखानदाराने विचारलं.

"गाना नहीं है. आवाज ही नहीं है."

"तो पब्लिक टिकट किस बात का लेगी?"

याचं उत्तर मलाही हवं होतं. शेवटी आतोबांच्या खेपांना कंटाळूनच सगळे कबूल झाले: दुपारी शिफ्ट बदलताना लूम दहा मिनिटं उशिरा चालू करायचे.

त्या दुपारी गल्ली खरोखरच गप्प झाली. बाई आमच्याच घराच्या खिडकीशी बसली, कॅमेरा सुरू झाला. आतोबांनी डोळे मिटले. आणि समोरच्या कारखान्यात कोणीतरी खोकलं. मग मागच्या कारखान्यात. रोज कापसाची धूळ खाणारी माणसं ती, एरवी त्यांचा खोकला लूमखाली दबून जायचा. डायरेक्टर वैतागला, पण आतोबांनी हातानेच चालू ठेवायची खूण केली. एवढ्यात अगदी जवळ, आमच्याच स्वयंपाकघरात, कोणीतरी खोकलं. कोरडा, न थांबणारा खोकला.

आतोबा चालू सीनमधून उठून आत गेले. आत्या तोंडात पदर कोंबून भिंतीला टेकली होती.

"कधीपासून ह्ये?"

"झाले की चार-सहा म्हयने. लूम चालू असतात, तुमाला कुठून ऐकू येनार?" मग अपराध्यासारखं म्हणाली, "आज लय दाबला वो. तुमचा शीन खराब केला मी."

आतोबा बाहेर आले आणि म्हणाले, "कॅमेरा बंद करा." खिडकीतली बाई उठली. मला त्या क्षणी आतोबांकडे बघवेना.

सिनेमा तसाच राहिला. डॉक्टरांनी धुळीतून बाहेर काढा म्हणून सांगितलं, तेव्हा दोघं अंजूरला एका भाड्याच्या खोलीत राहायला गेली. आत्याला पुष्कळ आराम पडला आहे, सगळा नाही. त्यांच्याच जुन्या शेतावरच्या गोदामाकडे जाणारे ट्रक दारावरून जातात. दुपारी आत्या जरा पडली की आतोबा बाहेर खुर्ची टाकून बसतात. ट्रक हॉर्न मारायला लागला की लगबगीने रस्त्यात जाऊन हात जोडतात. "नको वाजवू रं बाबा," म्हणतात, "तिचा आता कुठं डोळा लागलाय."