दहाच्या नाण्यावरची डबल अक्षरं

नाणं नुसतं उजेडात धरलं, ‘अस्सल डबल डाय’ असा शेरा लिहिला आणि मी ऐटीत चहा घ्यायला गेले. चाकणच्या कंपनीत, पत्र्याचे पार्ट ठोकणाऱ्या प्रेस शॉपमध्ये, डाय तपासण्यात माझी उमेदीची वर्षं गेलेली. रिटायर होऊन चिंचवडला एका शेठच्या नाण्यांच्या दुकानात तपासनीस म्हणून लागले होते. नुकतीच आजी झाले होते, पण अक्कल अजून यायची होती. भिंग? ते इतरांनी लावायचं!

डाय म्हणजे नाणं पाडायचा पोलादी ठसा. तो घडवतानाच अक्षरं दोनदा, जराशी सरकून उमटली, तर त्यातून पडणाऱ्या प्रत्येक नाण्यावर ती दुहेरी येतात. अशा नाण्यासाठी संग्राहक जीव टाकतात. महाळुंग्याच्या कंपनीत कामाला असलेले ज्ञानोबा त्यातलेच. माझ्या शेऱ्यावर विसंबून ते आईचे चांदीचे तोडे देऊन हे दहाचं नाणं घेणार होते. मी परतले तेव्हा तोडे काट्यावर चढले होते.

ज्ञानोबांवर छाप पाडावी म्हणून मी आता भिंग काढलं. बघते तर अक्षराची दुसरी कड चपटी, पायरीसारखी. मूळ अक्षरच घासून बारीक झालेलं. खऱ्या डबल डायमध्ये दोन्ही अक्षरं फुगीर असतात, टोकाशी फाटा फुटलेला दिसतो. इथं ठसा चांगला होता, फक्त मशिनमध्ये ढिला बसला होता. डाय ढिली असली की पार्ट घसटून निघतो, हे कंपनीत मीच नव्या पोरांना दरडावून शिकवायचे!

“शेठ, सौदा थांबवा. हे मशिनचं डबलिंग आहे.”

“मॅडम, आत्ताच तर अस्सल म्हणालात!”

“भिंग आत्ता लावलं.”

“मग मघाशी काय लावलं होतं?”

“अनुभव.”

शेठनं कपाळाला हात लावला. ज्ञानोबा माझ्याकडे वळले.

“मंग ह्याचं काय येतंय?”

“बिस्किटपुडा.”

त्यांनी तोडे उचलले, रुमालात घट्ट बांधले. मी शेरा फाडला. तेव्हापासून आधी भिंग, मग तोंड.

दारात चपला घालताना ज्ञानोबा थांबले. म्हणाले, “मॅडम, आमच्या कंपनीत रिजेक्ट माल लाल पेटीत टाकत्यात. तुमी आपल्या पायानं जाऊन बसताय, का आमी उचलून ठिवू?”