लाल औषधाची बाटली

जाऊबाई, तुम्हाला आठवत असेल, आत्याबाई गाव सोडून आमच्याबरोबर निघाल्या त्या सकाळी एसटीत बसल्या बसल्या त्यांनी एक रिकामी बाटली पदराखाली घट्ट धरली होती. सरकारी कामगार विम्याच्या दवाखान्यात दम्यावर फुकट औषध मिळतं, बाटली मात्र आपली न्यावी लागते, असं यांनी सांगून ठेवलं होतं. "पिंपरीत बाटल्या मिळत न्हाईत काय?" म्हणून तुम्ही हसलात. मला हसू आलं नाही. आत्याबाई कायमच्या येणार, सासू चोवीस तास घरात, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

पिंपरीजवळ काळेवाडीच्या आमच्या दोन खोल्यांत त्यांचा जीव रमेना. मग त्यांना दवाखान्यातलं बाकडं सापडलं. कामगारांच्या आया तिथं बसायच्या, कुणी कोकणातली, कुणी मावळातली. आत्याबाई ठेवणीतलं लुगडं नेसून जायच्या आणि दुपार कलली की लाल औषध आणि साऱ्यांच्या सुनांच्या कागाळ्या घेऊन यायच्या. माझ्याही तिथं पोचत असणारच! बाटली खिडकीत ठेवली की उन्हानं भिंतीवर तांबूस कवडसा हलायचा. तो बघता बघता माझा डोळा लागायचा.

मग यांना बढती मिळाली. आम्ही पेढे वाटले. नंतर कळलं, पगार सरकारी मर्यादेच्या वर गेला, म्हणून विमा बंद. त्याऐवजी कंपनी पगारातच औषधपाण्याचा भत्ता देणार, आणि त्यावर इन्कम टॅक्स कापणार. खाजगी डॉक्टरकडे गेल्या गेल्या नंबर लागायचा, गोळ्यांची पुडी मिळायची. दम्याला उतारही पडला, पण तिथं ना ते बाकडं, ना त्या बायका; आत्याबाई दिवसभर रिकामी बाटली पुसत बसायच्या.

"मला गावाकडं नेऊन घाल. इथं माझं कोन हाय?" एक दिवस त्या म्हणाल्या. सुटले, असं वाटायला हवं होतं. त्यांचं गाठोडं बांधताना मला रडू आवरेना.

निघायच्या आदल्या दुपारी दारात बाटल्या किणकिणल्या. दवाखान्यातून परतताना त्या साऱ्याजणी वाट वाकडी करून आल्या होत्या. "सायबाची आई झालीस म्हनून आमाला इसरलीस व्हय?" मावळातली म्हातारी ओरडली. मी चहा टाकला. ओट्यावर उन्हात लाल बाटल्या मांडल्या गेल्या. आत्याबाई आत गेल्या आणि आपली रिकामी बाटली आणून त्यांच्या शेजारी ठेवली. मी कुणाला न विचारता गाठोडं सोडलं.

पुढं दिवाळीत तुम्ही आलात आणि त्यांना विचारलंत, "आता घरी कधी यायचं?" त्या म्हणाल्या, "घरीच तर हाय की मी." तुम्हाला ते लागलं, म्हणून हे सगळं सांगितलं. तेव्हा स्टोव्हपाशी बसून मीही मनातल्या मनात म्हटलं होतं, घरीच तर आहेत त्या.